पिवडी जरा जास्त झाली

या, अशा पुढे सरका. कीर्तनाला आलेलं माणूस दाराशी बसलं की त्याचं अर्धं लक्ष चपलांत राहतं, हे मी चाळीस वर्षं बघत आले आहे. तुम्हाला एक गोष्ट सांगते. देवाची नाही, देवाची आवड असलेल्या एका बाईची आहे, आणि ती बाई मीच. गोष्ट पांढऱ्या रंगाची आहे. ऐकताना मध्येच माझा राग आला तर येऊ द्या, पण उठू नका.

ब्याऐंशी साल. आमचे हे तारापूरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते आणि आम्ही बोईसरला कंपनीच्या कॉलनीत राहत होतो. भाद्रपद सरता सरता मी उमरोळीच्या देवळात गेले होते, तिथे नवरात्राआधी चुना मारायचं काम चाललं होतं. एक बाई गाभाऱ्याबाहेरच्या भिंतीसमोर कुंचा हातात घेऊन नुसती उभी होती. मला वाटलं, दमली असेल. ती म्हणाली, "काकी, ही भिंत दोन झाली."

"दोन कशी?"

"डावीकडचा कालचा चुना. तो ताडगोळ्यावानी हाय. उजवीकडचा आजचा, तो बोंबलावानी. आजचा मुकादमानं भिजू दिला नाय नीट."

मी डोळे ताणून बघितलं. मला सगळा पांढराच दिसला. पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या तिरप्या उन्हात पुन्हा गेले तर खरंच भिंतीच्या मधोमध एक रेघ होती. डावीकडे गोडसर, उजवीकडे निळसर.

तिचं नाव ठमी. मासवणच्या पलीकडचा पाडा. वय तिशीचं, अंगाने काटकुळी, आणि घोट्यापासून खाली दोन्ही पाय चुन्याने खाल्लेले. टाचांना भेगा आणि त्या भेगांत वर्षानुवर्षांचा चुना जाऊन बसलेला, घासून निघायचा नाही. तिच्याकडे पांढऱ्याची नावं होती. पेजेचा पांढरा, ताकाचा, कुड्याच्या फुलाचा, मिठागरातल्या मिठाचा, उन्हात वाळलेल्या शिंपल्याचा. कंपनीच्या पेंटरकडे इंग्रजी शेडकार्ड असायचं, त्यात पांढऱ्याचे सहा चौकोन. ठमीने ते बघून विचारलं होतं, "बाकीचे कुटं गेले?"

तिची आस एकच होती. दिवाळी झाली की त्यांच्या पाड्यावरची माणसं ट्रकात बसून वीटभट्टीला जायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. दोन वर्षांमागे भट्टीवर तिचं कुशीतलं लेकरू तापाने गेलं होतं. गेल्या वर्षी नवऱ्याच्या, झिपरूच्या, पायावर विटांचा थर कोसळला, तेव्हापासून तो लंगडत होता. "मला भट्टीला नाय जायाचा," एवढंच ती म्हणायची. कंपनीच्या सिव्हिल खात्यात रंगाच्या कामाला कायमची बाई घेणार आहेत, असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. पर्मनंट हा शब्द ती देवाचं नाव घ्यावं तसा हळू उच्चारायची.

मी मनात आणलं की हिला कामाला लावून द्यायचंच. आमच्या शेजारच्या नलूकडे अश्विनातल्या एकादशीला कीर्तन ठरलं होतं. तिच्या हॉलला रंग काढायचा होता. मी ठमीला तिच्याकडे नेलं.

नलू हौशी. तिने दुकानातून चार डबे आणवले आणि ठमीकडून भिंतीवर चार पट्टे ओढून घेतले. मग तासभर आम्ही दोघी खुर्च्या टाकून बसलो.

"काकू, मला तर चारही सारखेच दिसतायत," नलू म्हणाली.

"मलाही. पण तू दुसरा म्हण. दुसरा म्हटलं की समजणाऱ्यासारखं वाटतं."

नलूचे यजमान आतून येऊन म्हणाले, "मला विचाराल तर पांढरा द्या." आणि निघून गेले.

ठमी हसली नाही. "ओल्यात बोलू नका. ओला पांढरा खोटा बोलतो. सुकू द्या," म्हणाली. सुकल्यावर तिने एकेका पट्ट्यावर नखाची पाठ टेकवली आणि सांगितलं, पहिला संध्याकाळी काळवंडेल, तिसऱ्यात नीळ जास्त आहे, दिवा लावला की आजारी माणसाच्या तोंडासारखा दिसेल, चौथा ताकाचा आहे, हा घ्या. नलूने चौथा घेतला. हॉल झाला तेव्हा आत पाऊल टाकताच गार वाटलं. लाल कोबा आणि वर तो ताकासारखा पांढरा.

ही गोष्ट वत्सलाबाईंच्या कानावर गेली. वत्सलाबाई म्हणजे मोठ्या साहेबांच्या मंडळी. त्यांच्या बंगल्यात हॉलच्या भिंतीला चिरा गेल्या होत्या, त्या बुजवून वर रंग दिला की ठिगळं दिसायची. आमच्याकडच्या हवेने पांढरा रंग वर्षभरात मुरतो, त्यामुळे नवा कुठलाही डबा जुन्याशी जुळत नसे. तीन पेंटर हरले होते. बाईंनी निरोप पाठवला की एकादशीला येतेच आहे, त्या बाईला थांबवून ठेवा. नलूला म्हणाल्या होत्या, "जुळवून दाखवलं तर मी त्याच रात्री ह्यांच्याशी बोलते. सिव्हिलमधली जागा अजून भरलेली नाही."

मी ठमीला हे सांगितलं. तिने पदराने डब्याची कड पुसली, आधीच पुसलेली.

एकादशीला अडीच वाजता वत्सलाबाई आल्या. रुमालात गुंडाळून त्यांनी आपल्या भिंतीचा एक पोपडा आणला होता, रुपयाच्या नाण्याएवढा. सोबत तीन पेंटरांच्या रंगांनी रंगवलेली एक फळी.

"यातला कुठला जुळतो?" त्यांनी विचारलं.

ठमीने पोपडा तळहातावर घेतला, व्हरांड्यात उजेडाला गेली, परत आली. "यातला एकबी नाय, बाई."

"एकही नाही? यातला दुसरा मुंबईहून मागवलेला आहे."

"आसंल. तो तुमच्या भिंतीची लेक हाय. आई नाय."

वत्सलाबाई हसल्या. हसल्या म्हणून नलू हसली, आणि मीही.

ठमीने नलूच्या उरलेल्या रंगातून करवंटीभर घेतला. त्यात चिमटीने पिवडी घातली, ती पिवळी माती असते ना, चुन्यात घालतात ती. मग चिमटीतली अर्धी परत काढून ठेवली. मग कंदिलाच्या काचेवरची काजळी सुईच्या टोकावर घेऊन त्यात बुडवली. काडीने ढवळत राहिली, ढवळत राहिली. आम्ही तिघी उभ्या. नलूला कीर्तनाची काळजी, फुलं यायची होती. ठमीने व्हरांड्याच्या भिंतीवर हातभर पट्टा ओढला, ऊन होतं तिथेच, आणि तो सुकत आला तसा पोपडा त्यावर हलकेच दाबून बसवला. मग बाजूला झाली.

"बघा आता."

आम्ही बघितलं. थोड्या वेळाने वत्सलाबाई म्हणाल्या, "पोपडा कुठे आहे?"

खरंच दिसत नव्हता. वत्सलाबाईंनी चष्मा काढला, पुन्हा लावला. शेवटी त्यांनी भिंतीवरून बोट फिरवलं, तेव्हा कडेला अडखळलं. तिथेच होता तो. डोळ्यांना नव्हता, बोटाला होता.

"काय नाव तुझं?"

"ठमी झिपरू."

"ठमी, तू कीर्तनाला थांब. संपल्यावर माझ्याबरोबर बंगल्यावर ये, भिंत दाखवते. आणि ह्यांना सांगून उद्या तुझं नाव घालायला लावते. समजलं?"

ठमीला समजलं होतं. ती नलूच्या मागच्या मोरीवर गेली आणि दगडाने हातपाय घासत बसली.

चार वाजता कीर्तनाला रामनाथबुवा उभे राहिले. मला कीर्तन म्हणजे काय सांगू, झांज वाजली की माझ्या हातापायांतलं दुखणं जातं. बुवा मोठे रसाळ. त्या दिवशी पूर्वरंगात त्यांनी एकच शब्द धरला, पद. म्हणाले, "साहेबांना वरचं पद हवं. मला पेटीवर पद म्हणायचंय. आणि भक्ताला काय हवं? तर देवाचं पद, म्हणजे पाय. शब्द एक, घरं तीन. तुम्ही कुठल्या घरात राहायला जाता ते बघा." सगळा हॉल हसला. साहेबलोक तर जास्तच. मी अगदी पुढे बसले होते, माझ्या एका बाजूला नलू, नलूच्या पलीकडे वत्सलाबाई. एका शब्दाच्या पोटातून दुसरा शब्द निघाला की मला लाडू मिळाल्यासारखं होतं. वाटतं, आपल्यालाही जमावं.

तेवढ्यात ठमी मागच्या दाराने आली. केस ओले करून चापून बसवलेले, लुगडं धुतलेलं. दबकत दबकत, भिंतीच्या कडेकडेने. लाल कोब्यावर तिचे पाय एवढे पांढरे दिसले की जणू पायांत काही घातलंय. घासून घासून वरचा मळ गेला होता आणि भेगांतला चुना उजळून निघाला होता.

मी नलूच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "ही बघ. पांढऱ्या पायाची आली."

मला चुना म्हणायचा होता. बुवांसारखा शब्द फिरवायचा होता, बस्स. पांढऱ्या पायाची कुणाला म्हणतात हे आपल्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं. जिचं पाऊल पडलं की घराचं वाटोळं होतं ती. म्हणूनच तर गंमत होती. नलूला हसू आवरेना. तिने तोंडावर पदर धरला. वत्सलाबाईंनी भुवई उंचावली. नलूने त्यांना सांगितलं. मला वाटलं, त्याही हसतील.

त्या हसल्या नाहीत. त्यांची थोरली लेक बाळंतपणाला आलेली होती, नववा लागलेला. आधीची दोन्ही बाळं दिवस भरण्याआधीच गेली होती. मला माहीत होतं. साऱ्या कॉलनीला माहीत होतं.

पूर्वरंग संपला. बुवांना हार घातला, बुक्का लावला, गजर सुरू झाला, सगळे टाळ्या धरून उभे. त्या गलबल्यात वत्सलाबाई मागे गेल्या, ठमी कोपऱ्यात बसली होती तिथे. मी टाळ वाजवत त्यांच्या मागोमाग सरकले, कान तिकडेच होते.

"काय गं, तुला पांढऱ्या पायाची म्हणतात का?"

आता इथे तुम्ही नीट ऐका. ठमीच्या बोलीत त्या शब्दाला ते दुसरं घर नव्हतं. तिच्यात पांढरा शुभाचा, लग्नघराची भिंत पिठाच्या पांढऱ्याने लिहितात, त्याला चौक लिहिणं म्हणतात, आणि तो लिहायला तिला सात पाड्यांवरून बोलावणं यायचं. तिला वाटलं, बाईंनी तिचं नाव कुठेतरी चांगलं ऐकलंय.

"म्हणतेत ना, बाई," ती म्हणाली. आणि पाय जरा पुढे करून दाखवला. "पांढरेच हायत. धुवून जायाचे नायत आता. मरस्तवर मी पांढऱ्या पायाचीच."

वत्सलाबाई एक पाऊल मागे सरल्या. "मुलं किती तुला?"

"एक होता. भट्टीवर गेला."

"आणि नवरा?"

"त्याचे पायावर विटा पडल्या. पण बरा हाय, बाई, चालतो."

झांजा वाजत होत्या. वत्सलाबाईंचा आवाज चढला नाही. "माझ्या बंगल्यात पाऊल टाकायचं नाही. फाटकाजवळसुद्धा दिसू नकोस. ऊठ इथून."

ठमी बघत राहिली.

"ऊठ म्हणते ना. बाहेर जा."

ती बाहेर गेली. जाताना पुन्हा भिंतीच्या कडेनेच गेली, कोबा खराब होऊ नये म्हणून. नलूने कामवालीला हळूच खूण केली. कामवालीने गोमूत्र शिंपडून ठमी जिथे बसली होती ती जागा आणि दारापर्यंतची वाट फडक्याने पुसून घेतली. नलू माझ्याकडे बघून म्हणाली, "बाईंचं समाधान, काकू. आपलं काय जातंय."

मी दोन वाक्यं बोलायची होती. वत्सलाबाई, ते मी थट्टेने म्हटलं. तिला त्याचा अर्थ माहीत नाही. एवढंच. पण बुवांनी उत्तररंगाचा श्लोक उचलला होता आणि कीर्तनात मध्ये बोलू नये असा माझा नेम होता. तो मी पाळला. आख्यान एका गरीब बाईचं होतं, जिला गावाने खोटा आळ घालून बाहेर काढलं आणि देव तिच्या दळणाला बसला. बुवांनी ते असं रंगवलं की माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. वत्सलाबाईही रडल्या. नलूने तर माझा हात घट्ट धरला होता. दाराबाहेर पायरीवर ठमी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिला आख्यान ऐकू येत असणार.

आरती झाली, प्रसाद झाला, गाड्या गेल्या. अजून थोडा उजेड होता. मी द्रोणात केळी आणि साखर घेऊन बाहेर आले. ठमी पायरीवर नव्हती. व्हरांड्याच्या भिंतीपुढे उभी होती, नाक भिंतीला लागेल इतकी जवळ, आणि तिचा तो हातभर पट्टा डोळ्यांनी शोधत होती.

"काकी, बाई का रागावली?"

मी द्रोण पुढे केला.

"दुपारी तर हसत होती. मग तिनं पुन्हा येऊन बघितला काय? पिवडी जास्त झाली काय माजी?"

मला आधी कळलंच नाही ती काय विचारते आहे. मग कळलं. बाईला आपल्या पायांचं काही वाटलं असेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिच्या लेखी माणूस रागावतो तो रंग चुकला म्हणून.

"पोपडा पण दिसं नाय," ती म्हणाली. "पडला का? का बाई घेऊन गेली?"

पोपडा तिथेच होता. तिच्या नाकासमोर, वितीवर. मला ठाऊक होतं, कारण दुपारी बोट अडखळलं ती जागा मी बघितली होती, खिडकीच्या कोपऱ्यापासून दोन बोटं खाली. तिला दिसत नव्हता, कारण तिने जुळवलाच तसा होता. तिचा हात धरून तिथे टेकवायचा होता फक्त. पण मग ती म्हणाली असती, मग बाई का रागावली? आणि मग मला तो शब्द तिला उलगडून सांगावा लागला असता, आणि तो पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघाला हेही.

"हो गं," मी म्हटलं. "पिवडी जरा जास्त झाली."

तिने मान हलवली. भिंतीकडे बघितलं, मग आपल्या नखाकडे. "मला बरोबर वाटला होता," म्हणाली. द्रोण तिने दोन्ही हातांनी घेतला. प्रसाद होता म्हणून कपाळाला लावला. आणि बोईसर स्टेशनच्या वाटेला लागली.

कंपनीने ती जागा दुसऱ्या एका माणसाला दिली. कार्तिकात वत्सलाबाईंच्या लेकीचं नीट झालं, मुलगा झाला. पेढे कॉलनीभर वाटले. मीही खाल्ला. ठमी फाटकाजवळ फिरकली नाही म्हणून सगळं सुखरूप पार पडलं, असं वत्सलाबाई चारचौघींत म्हणायच्या, आणि चारचौघी माना डोलवायच्या. त्यांच्या हॉलमधली ठिगळं मात्र साहेब रिटायर होईपर्यंत तशीच होती. त्यांच्याकडे कीर्तन असलं की बुवांच्या डोक्यामागे मला तीच दिसायची.

दिवाळीनंतर ट्रक आला तेव्हा ठमी भट्टीला गेली.

ज्येष्ठात झिपरू एकटाच लंगडत आमच्या दाराशी आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की काकी काम लावून देतात. मी ठमीचं विचारलं.

"ती तिकडंच ऱ्हायली," तो म्हणाला. "माघात ताप आला. तिसऱ्या दिवशी गेली."

मी त्याला पाणी दिलं. तो पायरीवर बसून प्यायला. मग आपणहूनच बोलला, "काकी, तुमच्याकडून आली ती काम टाकूनच आली. मुकादम चुना मारायला बोलवायला आला तर जायची नाय. पाड्यावर लगीन होता, चौक लिवायला बोलावला, तवा पन नाय गेली. म्हणं, मला पांढरा कळं नाय आता. मी म्हटला, तुला नाय कळं तर कुणाला कळंल. तर म्हणं, काकीनं सांगितला. काकी खोटा नाय सांगायची."

ते बोलताना तो माझ्याकडे आदराने बघत होता.

नलूची माणसं पुढे बदलून वापीला गेली. त्या घरात दुसरे आले, तिसरे आले. हॉलला निळा झाला, मग गुलाबी झाला. व्हरांड्याचा तो कोपरा मात्र मी दर वेळी काहीतरी निमित्त काढून राखून घेतला. खोटं बोलण्यात मी एव्हाना तरबेज झाले होते. आता त्याला बारा वर्षं होतील. पट्टा मुरला, आणि पोपडाही त्याच्याबरोबर तेवढाच मुरला. परवा एकादशीला जाऊन आले. सकाळच्या उन्हात अर्धा तास बघत होते. दिसला नाही. मग खिडकीच्या कोपऱ्यापासून दोन बोटं खाली हात फिरवला, तेव्हा अडखळला.

कधी बोईसरला आलात तर मी तुम्हाला ती भिंत दाखवीन. मी नसले तर विचारत जा, कॉलनीत जुनं माणूस कुणीतरी असेलच. तिथे बोट ठेवा, आणि बोट अडखळलं की ठमी झिपरू, मासवणच्या पलीकडची, हे नाव एकदा घ्या. माझं नाही घेतलंत तरी चालेल. तिची पिवडी जास्त झाली नव्हती, एवढं मात्र ध्यानात असू द्या.